कानडी कादंबरीतली सासू

आत्याबाई, चष्मा सापडला का? डोक्यावर बघा. जिवंतपणी तो कपाळावर ढकलून घरभर शोधायचात, तेव्हा एवढ्या वर्षांत मलाही विसरला असाल तर नवल नाही. मी तुमची थोरली सून. सध्या अमेरिकेत, कॅरी नावाच्या गावी, लेकाच्या घरी असते. अक्षर मला अजून येत नाही. मी सांगतेय आणि माझी सून लिहितेय. ती हुबळीची, हे अक्षर तिनं शाळेत हिंदीच्या तासाला गिरवलेलं. तेव्हा चुका तिच्या, खोड्या माझ्या.

बेळगावच्या घरी जेवणं आटपली की मी शेंगा फोडायला बसायची आणि तुम्ही कानडी कादंबरी वाचून दाखवायचात. साप्ताहिकातली पानं कापून जाड दोऱ्यानं शिवलेली. कॉफीच्या मळ्याचा देखणा मालक, मास्तरांची गरीब पोर, त्यांचं प्रेम, आणि मधे कमरेला किल्ल्या लावलेली त्याची आई. ती सुनेला माहेरी धाडते. मग तिला पस्तावा होतो, स्वतः गाडी काढून सुनेला आणायला जाते आणि किल्ल्या तिच्या हातात देते. मी डोळे पुसायची. तुम्ही म्हणायचात, "रडतेस काय, शेंगा खारट होतील."

परवा सुनेनं तीच कादंबरी काढली. तिच्या आईनंही पानं कापून शिवलेली. लेक ऑफिसला गेला, नात झोपली की इथं फ्रिजचासुद्धा आवाज ऐकू येतो, म्हणून मीच म्हटलं वाच. आणि बघते तर काय, सासू कुठंच जात नाही. मुलगाच बायकोला घेऊन निघून जातो. ही किल्ल्या कमरेला लावून बंगल्यात एकटी बसते, तिथंच मरते. मी म्हटलं, पान गळलंय बघ. सून (सासूला कानडीत 'अत्ते' म्हणतात, तसंच म्हणते ती मला) म्हणाली, "नाही हो अत्ते, एंड असाच आहे. दहा वेळा वाचलीय."

म्हणजे तो शेवट तुम्ही मनानं जोडलात. कशासाठी, तेच मला कळेना. मलाही तुम्ही माहेरी धाडलं होतंत आणि न्यायला कुणी आलं नाही; माझी मी परत आले. दारात म्हणालात, "आलीस? हात धू, जेवायला बस." एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा ती कादंबरी काढलीत. ती माझी समजूत काढणं होतं, की तुमची स्वतःची? की मला नुसतं वेड्यात काढत होतात? तुमच्या बाबतीत तेही खरं असेल.

आज विचारायचं कारण असं, की माझं परतीचं तिकीट जवळ आलंय. लेक म्हणतो, "आई, कॅन्सल करू का? कायमची राहा, पेपर्सचं मी बघतो." सून मात्र हो नाही की नाही नाही. (आता लिहितानाही मान खाली.) बिनबोलावलं राहून मी त्या कादंबरीतली सासू व्हायची का?

काल तिला शेवटचं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. ओळीखालून बोट फिरवत वाचते ती. मधेच बोट थांबलं, वाचणं चालूच. सासूही म्हणे गाडीत बसून निघाली, मागच्या सीटवर, बाळाच्या खुर्चीशेजारी. आत्याबाई, त्या कादंबरीत बाळच नाही. पट्टे लावलेली बाळखुर्ची आमच्या गाडीत आहे आणि तिच्या शेजारी मी बसते. तुमचंही बोट त्या जागी असंच थांबायचं. मला वाटायचं, चष्म्याला धूळ लागली. पण हे तिचं बोलावणं, की म्हातारीचं मन राखणं? विचारायचा धीर झाला नाही, म्हणून तुमच्या नावानं हे पत्र.

राहावं का जावं मला कळत नाही, असं मी आत्ता सांगितलं आणि तिला म्हटलं, काय लिहिलंस ते वाच. तिनं वाचलं, "मला राहायचं आहे." बोट कागदावर थांबलेलं. मी खोडायला सांगितलं नाही. गोंधळ अजून आहे, पण खरं ते तेच होतं.

पत्र काही टपालात पडायचं नाही, ती ते त्या शिवलेल्या पानांत ठेवणार आहे. तरी जमलं तर बेळगावात तुमच्या धाकट्या सुनेच्या स्वप्नात जा आणि सांगा, येणाऱ्या माणसाबरोबर शेंगांची चटणी पाठव, लसूण सढळ घालून. इथल्या शेंगा नुसत्याच मोठ्या. आणि महिन्याची नको म्हणावं, वर्षभर पुरेल एवढी पाठव.