बारा सेंटीमीटर वाळू

९ सप्टेंबर
वाळूवरून भांडण! लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. सासूवरून भांडणं झाली, मुलीच्या लग्नावरून झाली, वाळूवरून हे पहिलंच.

ह्यांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत वाळू किती घालायची? मी म्हटलं, दोन सेंटीमीटर — दर आठवड्याला नळीने घाण ओढून काढता येईल. हे म्हणाले, बारा! गाळणीचं मशीनसुद्धा नको. "खोल वाळूत हवा पोचत नाही. तिथले जंतूच पाणी शुद्ध करतात. आपण फक्त हात लावायचा नाही." मी म्हटलं, बरं, सहा घाला. "सहा म्हणजे ना धड साफ करता येत, ना धड सोडून देता येत!"

जहाजाच्या गोदीतून निवृत्त झाल्यापासून दोन वर्षांत हा माणूस सलग एवढा बोलला नव्हता. घाला बाबा, बारा घाला.

१४ सप्टेंबर
ह्यांचे मासेमार मित्र मुरोता होडीतून वाळू आणि खाडीतले दगड घेऊन आले. दगडांवर किडे, गोगलगायी, काय काय! "वहिनी, हे सगळे तुमचे बिनपगारी नोकर." माझ्या बैठकीच्या खोलीत किडे. देवा!

३ ऑक्टोबर
मासा आला. गिझामी जातीची मासोळी, बोटाएवढी, लालसर, अंगावर काळा पट्टा. मला वाटलं, मीठ लावून भाजायला आणलीय. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं!! नाव ठेवलंय हाना. दिवा मालवला की नाक खुपसून वाळूत शिरते, सकाळी वर येते. हे चहा घेऊन तिच्या उठण्याची वाट बघत बसतात. माझ्या उठण्याची कधी बघितली नाही.

५ डिसेंबर
ह्यांचा गुडघा बदलला. सहा आठवडे बेटावरून पलीकडे, ओनोमिची शहरातल्या हॉस्पिटलात. जाताना एकच सूचना — "वाळूला हात लावू नकोस." स्वतःची काळजी घे वगैरे काही नाही.

१६ डिसेंबर
हाना चार दिवस दिसली नाही.

२१ डिसेंबर
अजून नाही. काचेतून वाळूत काळा डाग दिसतो, रोज थोडा मोठा. मेली असणार, आत सडतेय. फोनवर ह्यांना सांगायचा धीर झाला नाही.

२८ डिसेंबर
वर्षअखेरची साफसफाई. दरवर्षीप्रमाणे सकाळी खिडक्या, मग स्वयंपाकघर, तीनच्या सुमाराला बैठकीची खोली. सगळं लख्ख, आणि मध्ये तो काळा डाग! असलं घेऊन नव्या वर्षात जायचं? आईने नाही शिकवलं मला.

डावाने वाळू उपसायला लागले, उजवीकडून. कुजक्या अंड्यांचा वास! बादलीत घेऊन नळाखाली खळखळून धुतली, गढूळ पाणी गटारात. पुन्हा डाव, पुन्हा बादली. हाना कुठेच नाही. डाव्या काचेपाशी चार बोटं वाळू राहिली, तेवढ्यात फोन. हे! "काय जेवलीस?"

एक्केचाळीस वर्षांत ह्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. मग नूडल्सबद्दल बोलले, शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल बोलले. अर्धा तास! मला रडूच आलं. फोन ठेवल्यावर पुन्हा डाव हातात धरवेना. धुतलेली वाळू परत ओतली.

२९ डिसेंबर
मुरोता सुके मासे द्यायला आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी! मेली नव्हती हो, झोपली होती! थंडीत गिझामी वाळूत शिरते ती वसंतातच निघते. अख्ख्या बेटाला ठाऊक आहे!"

बेटाला असेल. मी डोंगरातली. त्या गढूळ पाण्यातून बोटाएवढी हाना गटारात गेली असेल, तर मीच घालवली. आणि नळाच्या पाण्याने वाळूतले नोकरही मारले.

१७ जानेवारी
हे घरी आले. दारातच सगळं सांगून टाकलं. ह्यांनी काचेला हात लावला. "हं. आता थांबायचं." ओरडले असते तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी
हे पुन्हा बोलेनासे झालेत. चहा घेऊन टाकीपुढे बसतात, तेवढंच. मी वाळूकडे बघते. हात शिवशिवतात — मागे बांधून ठेवते.

१९ फेब्रुवारी
वाळूत पुन्हा काळा डाग! "जंतू परतले," हे म्हणाले. घाण बघून आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या मी. हानाचं नाव कोणी काढलं नाही.

२३ मार्च
हाना!! सकाळी सात वाजता, डाव्या काचेपाशी, त्याच उरलेल्या चार बोटांच्या वाळूतून — आधी नाक, मग अख्खी. मी रडत ह्यांना म्हटलं, "तेव्हा नेमका तुमचा फोन आला हो, नाहीतर पुढचा डाव तिथेच पडला असता!"

हे पेपरातून वर न बघता म्हणाले, "नेमका कसला? अठ्ठावीस तारीख, दुपारचे तीन. दरवर्षी त्या वेळी तू बैठकीच्या खोलीत पोचतेस."

"मग फोनवर पुन्हा सरळ सांगायचं होतं, हात लावू नकोस म्हणून!"

"ऐकलं असतंस?"