बैठकीच्या दोन वह्या

सोमवार, ता. ९

चि. सोनकिडीस ताईचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्ही दोघंही असाल असं धरून लिहिते.

तुझं पार्सल आज दुपारी पोचलं. पोस्टमनसमोरच उघडून मोजून घेतलं. उशांचे अभ्रे चार, बसायचं आसन एक, बटणांची पुडी एक आणि पत्र एक. तिकिटं कमी लावली होतीस, त्यामुळे दंड धरून अठरा मला भरावे लागले. पुढच्या वेळी वजन करून घे, अंदाजाने चिकटवू नकोस. अभ्र्यांची जोडी इथे बाजारात साठला पडते, म्हणजे दोन जोड्या एकशेवीसच्या झाल्या, वर आसनात भरलेल्या चिंध्यांचे पैसे लागत नाहीत. एवढं पाठवायची गरज नव्हती, पण कापड चांगलं आहे. एका अभ्र्याची शिवण मात्र उलटी आली आहे. तुझ्या हातून असं होत नाही कधी.

तुझ्या भावोजींना नवीन कवळी बसवली. ती बोलताना टकटक वाजते. त्यांना म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. म्हणाले, "वाजू दे, निदान मी बोलतोय हे तुला कळेल तरी." नळाला आता एक दिवसाआड पाणी येतं.

आपला ध्यानाचा वर्ग आता वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतो. बाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे त्यांना आता समोरचं बरं दिसतं. बेकरीवाले आजोबा अजून ध्यानात घोरतात. परवा मला विचारत होते, "तुमची ती बहीण कशी आहे? बसली की पुतळा व्हायची." मी म्हटलं, ती गावाला गेली, आता मी असते. त्यावर म्हणाले, "तुम्ही होय? तुम्ही आधीपासून येता का?" तीन वर्षं झाली मला. त्यांच्या पुढच्याच रांगेत बसते.

तू विचारलं आहेस की बाईंनी वेळ वाढवायला सांगितला तसा वाढवत नेतेय, ते बरोबर आहे ना. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन. अकरा दिवस झोप नाही, पण त्याचा त्रासही नाही, घास घशाखाली उतरत नाही, उजेड न बोलावता येतो, शिवणयंत्रावरसुद्धा. सुई नखातून आरपार गेली आणि तुला रक्त दिसल्यावर कळलं. मालकिणीने आठवडाभर घरी बस म्हणून सांगितलं. हे सगळं तू इतक्या खुशीत लिहिलं आहेस की काय म्हणावं ते कळेना.

बाईंना विचारून कळवते. त्या हल्ली कामात असतात. दूध वर येतंय, इथेच थांबते.

बुधवार, ता. ११

सोमवारी दूध वगैरे काही वर येत नव्हतं. गॅसवर भांडंसुद्धा नव्हतं. वरची पानं फाडून टाकावीत असं वाटलं, पण राहू देते. ताई कशी टाळाटाळ करते ते तुलाही दिसू दे.

पाकिटात वर एक चिठ्ठी ठेवली आहे, ती तू आधी वाचली असशील. नसेल वाचली तर हे पत्र खाली ठेव आणि ती वाच. बाईंनी काल स्वतः सांगितलं ते त्यात आहे. ध्यानाला बसणं आजपासून बंद, पाच मिनिटंसुद्धा नाही. भूक नसली तरी तीन वेळा जेवायचं. अनवाणी पायांनी मातीवर चालायचं, कपडे धुवायचे, भांडी घासायची. यंत्राला हात लावायचा नाही. रात्री खोलीत कुणीतरी हवंच. तुझे हे ट्रकवर असतील तर शेजारणीला बोलाव. उजेड दिसला तर दिसू दे, त्याच्यामागे जाऊ नकोस.

आता हे असं का, ते सांगते. माझं घाईचं अक्षर तुला लागत नाही, म्हणून सुटं सुटं लिहितेय.

वर्गाला तुला मीच नेलं. तुझे हे आठ-आठ दिवस बाहेर, आणि तू संध्याकाळची भिंतीकडे बघत बसायचीस. मला वाटलं, हिला जरा वळण लागेल. खरं तर असंही वाटलं की मला काय काय येतं ते हिला दिसेल. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, डोळे मिटा, श्वास येतो नि जातो तेवढा बघा. अर्ध्या तासाने घंटा झाली. सगळे उठले, चपला घातल्या, आणि तू जागची हललीच नाहीस. लोक तुला वळसा घालून जिना उतरले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झोपलीस काय ग?"

"नाही ताई. पाठीतून गार पाणी वर चढत होतं. संपूच नये असं वाटलं. तुला रोज असंच होतं?"

मी म्हटलं, "होतं."

तोपर्यंत दोन वर्षांत मला पायाला मुंग्या येण्यापलीकडे काही झालं नव्हतं. पहाटे उठून, आंघोळ करून, देवाचं नाव घेऊन मी बसते. एक दिवस चुकवलेला नाही, तापातसुद्धा. आणि तू आदल्या दिवशी 'ध्यान म्हणजे नक्की कुठे बघायचं ग' असं विचारणारी.

लहानपणीही हेच. मी पाढे घोकून घोकून घसा बसवायची आणि तू दारात खेळता खेळता ऐकून ते म्हणून दाखवायचीस. पुढे शाळा तू चौथीत सोडलीस, मॅट्रिक मी झाले. आई लोकांना सांगायची, थोरली फार कष्टाळू आहे. तुझ्याबद्दल काही सांगायची नाही, नुसती तुझ्याकडे बघत राहायची. मला ते बघणं हवं होतं. कष्टाळू कुणाला व्हायचं असतं?

बाई पूर्वी मोठ्या दवाखान्यात हेडनर्स होत्या. तिथे खाटेच्या पायाशी रोग्याचा तक्ता लावतात, तशीच त्या प्रत्येकाकडून बैठकीची वही लिहून घेतात. आठवडाभरात काय झालं ते लिहायचं आणि शनिवारी वही टेबलावर ठेवायची. सोमवारी लाल पेन्सिलीचा शेरा पडून ती परत मिळते. बाई फार बोलत नाहीत, जे सांगायचं ते शेऱ्यात. हे तुला माहीतच आहे. पण तू म्हणालीस, "माझं अक्षर बघून बाई हसतील. ताई, तू मॅट्रिक, तूच लिही." म्हणून दर शुक्रवारी दुपारी आपण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो. तू काजं-बटणं करता करता सांगायचीस, मी लिहायची. आधी तुझं, मग माझं.

चार शुक्रवार मी तू सांगितलं तसंच लिहिलं. पाचव्या शुक्रवारी तू दातांनी दोरा तोडलास आणि म्हणालीस, "या खेपेला काय झालं माहितीये? मी नव्हतेच. खोली होती, पंखा फिरत होता, आजोबा घोरत होते, पण ऐकायला कुणी नव्हतं. आणि सगळीकडे उजेड, दुपारचा असतो ना, तसला साधा." एवढं बोलून तू पुढचं बटण घेतलंस, जसं काही भाजी स्वस्त मिळाल्याचं सांगितलं.

तेव्हा माझ्या हाताखाली माझी वही उघडी होती. मी ते माझ्या वहीत लिहिलं.

चुकून नाही. वर निळा पुठ्ठा, आत माझं नाव, मला स्वच्छ दिसत होतं. मग तुझी वही उघडली आणि तिच्यात माझा आठवडा लिहिला. 'पाय बधिर झाले. वाण्याची यादी मनात आली. बुधवारी रडू आलं, कारण ठाऊक नाही. काही दिसलं नाही.' कोरं पान सोडायची मला सवय नाही. घडलं ते कुठेतरी लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. तू मान वर करून विचारलंस, "लिहिलंस ना ग सगळं?" मी म्हटलं, "सगळं."

असे नऊ शुक्रवार.

बाईंनी मला बोलावून घेतलं तेव्हा मला वाटलं, आता माझं नाव पुढे येणार. त्यांनी वहीवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "भूक लागते?"

"लागते की."

"झोप?"

"पडल्या पडल्या."

त्यांनी वहीचं मागचं पान उलटलं. "मग हे कसं काय?" म्हणाल्या.

मी म्हटलं, "देवाची कृपा."

देवाला मध्ये घातलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माझ्या वहीत बाईंनी शेरा मारला तो असा: 'फार वेगाने चाललं आहे. बसणं दहा मिनिटांवर आणा. पोटभर जेवा. एकटीने बसू नका. झोप कमी झाली तर ताबडतोब येऊन सांगा.' तो तुझा होता. मी तो वाचून वही मिटली. घरी पोटभर जेवत होतेच.

आणि तुझ्या वहीत त्यांनी लिहिलं: 'हिचं बसणं मला आवडतं. काही दिसत नाही आणि ही तसंच लिहिते. सकाळ-संध्याकाळ एकेक तास करावा. आणखी लागला तर आणखी. घाई नाही.'

कळलं का तुला? तुझं सोनं मी आपल्या वहीत नेलं, आणि बाईंना आवडली ती माझ्या बधिर पायांची वही. ती तुझ्या नावावर होती. मी तुझ्यावर इतकी जळले, सोनकिडे, की सांगता सोय नाही. माझं जे मला कधी कौतुकाचं वाटलं नाही, त्याचंही कौतुक तूच घेऊन गेलीस. तू दारात उभी होतीस, चप्पल घालत. विचारलंस, "बाईंनी काय लिहिलंय ग?" मी तेवढंच वाचलं, "सकाळ-संध्याकाळ एकेक तास करावा, आणखी लागला तर आणखी." पहिली दोन वाक्यं गाळली, तुला आनंद होऊ नये म्हणून. शेवटचं 'घाई नाही' का गाळलं ते मलाही नीट सांगता येत नाही. पण गाळलं.

पंधरा दिवसांत तुझ्या ह्यांची बदली झाली आणि तुम्ही गेलात. ते 'आणखी लागला तर आणखी' घेऊन तू गेलीस. मला हायसं वाटलं. वर्गात आता तू नसणार होतीस.

सोमवारी तुझं पत्र वाचल्यावर तुझ्या भावोजींना सांगितलं. कवळी काढून ठेवली होती त्यांनी, म्हणून पुटपुटल्यासारखे बोलले. "तिला कळवलंस?" म्हटलं, पत्र लिहितेय. "आणि बाईंना?" मी भांडी विसळायला घेतली. "मग उद्या सकाळी जा. नाहीतर मी जाऊन सांगतो, आणि मला ते धड सांगता येणार नाही, तुझी अजून शोभा होईल."

काल दोन्ही वह्या घेऊन गेले. बाई खिडकीशी बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं, नखाचं आलं तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, आता हाकलतील. म्हणाल्या, "एकाचं औषध दुसऱ्या खाटेवर गेलं की आधी औषध थांबवायचं. कुणी चुकवलं ते मागाहून. लिहून घ्या." ते लिहून घेतलं, तीच वरची चिठ्ठी.

मग विचारलं, "वाण्याची यादी कुणाला आठवायची?"

"मला."

"ती वही मी दोनदा वाचायची," म्हणाल्या.

त्या वेळीसुद्धा, तुझ्या काळजीने जीव अर्धा झाला असताना, माझ्या मनात पहिलं हेच आलं की दोनदा वाचायच्या तेव्हा डोळ्यांपुढे तुझा चेहरा आणून वाचत असतील. बघ मी कशी आहे ते.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुला इथे आणायचं, निदान दोन महिने. तू आमच्याकडे राहायचंस. नीट जेवायला-झोपायला लागलीस की त्या तुला पुन्हा बसवतील, दहा मिनिटं, त्यांच्या समोर. दुसरी माझ्यासाठी. तू बसशील तेव्हा मी शेजारी बसायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. तुझा श्वास, रंग, हातपाय बघायचे आणि दहा मिनिटं झाली की खांद्याला हात लावून तुला परत आणायचं. मी म्हटलं, "आणि माझं ध्यान?" बाई म्हणाल्या, "तेच."

तर ये. मी सुधारले म्हणून बोलावते असं मुळीच समजू नकोस. तू डोळे मिटशील आणि तुझ्या चेहऱ्यावर ते येईल, आई बघायची ते, तेव्हा माझ्या पोटात दुखणारच. दुखेल तरी मी बघत राहीन आणि वेळेवर हात लावीन. एवढं मला येतं. वेळ पाळण्यात मी कधी चुकत नाही.

हे पत्र जलद टपालाने टाकतेय, उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल. शनिवारपर्यंत तुझं काही आलं नाही तर तुझे भावोजी रविवारी पहिल्या गाडीने तिकडे निघतील. त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली आहे.

तू जेवलीस का, झोपलीस का, आणि खोलीत कोण आहे, ते उलट टपाली कळव. कुणाला सांगून लिहवून घेऊ नकोस, तुझ्या हाताने लिही, अक्षर कसंही येऊ दे. आणि माझ्याबद्दल जे मनात येईल ते सगळं लिही, काही मागे ठेवू नकोस. मी ते तुझ्या भावोजींना मोठ्याने वाचून दाखवीन, एक शब्द न गाळता.

तुझी वाट बघणारी
ताई