हिरवी आणि कत्थई

वारंगा फाटा,
११ फेब्रुवारी २००९

प्रिय मिना,

याडीचं गाठोडं काल सोडलं. आई गेल्यापासून तेराव्यापर्यंत तू दोनदा मागितलंस आणि दोन्ही वेळा मी 'राहू दे खुंटीवर' म्हणालो. तुझ्या भावाचा भित्रेपणा तुला काही नवा नाही. आता तू कनेरगावला पोचलीस, आणि हे फोनवर माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून लिहितोय.

भरतीच्या मेडिकलमधून मला परत पाठवलं होतं, आठवतं? धावण्यात पहिला आलो आणि रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर ठेवल्यावर त्यातला एकही आकडा दिसेना. हिरवा आणि कत्थई मला सारखेच दिसतात, हे तुला आधीपासून ठाऊक. हिरवा दोरा मागितला की मी कत्थई आणायचो आणि तू हसून लोळायचीस. त्या दिवशी मात्र याडीने तुला शपथ घातली, "कुणाला सांगू नको माय, पोरगी देणार न्हाईत त्याला."

आणि असल्या माणसाने काय करावं? फाट्यावर तीन कॉम्प्युटरचं दुकान काढलं, ते एकमेकांना जोडायला तयार केबल परवडेना म्हणून नांदेडहून वायरचं बंडल, जॅक आणि पक्कड आणली आणि घरीच केबल करायला बसलो! एका केबलमध्ये आठ तारा, आठ रंग, आणि दोन्ही टोकांना क्रम अगदी एकच हवा. मी कागदावरून रंग वाचले, याडीने त्या क्रमाने एका चिंधीवर आठ टाके घातले. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण चिंधी मांडीवर पसरून ती तारा अशा लावून द्यायची की मी फक्त पक्कड दाबायची. आपण लावलेलं टोक ओळखू यावं म्हणून ती त्याला दोऱ्याची एक गाठ मारायची. पुढे गिऱ्हाइकांनाही विकू लागलो, पण वर्षभरात तिची एकही केबल परत आली नाही.

मग त्या पतपेढीचं, दोन खोल्यांतले कॉम्प्युटर जोडायचं काम मिळालं. लांब केबल पाइपातून न्यायची होती, म्हणून एक टोक घरी झालं, दुसरं तिथेच लावायचं होतं. त्यासाठी याडीला न्यायला हवं होतं. मी नेलं नाही. फेटिया-कांचळीच्या तांड्याच्या पेहरावातली आई मॅनेजरच्या टेबलाखाली बसलेली दिसेल, याची मला लाज वाटली. दुसरं टोक मीच लावलं. केबल चालेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत असताना याडी जेवणाचा डबा घेऊन दारात आली आणि मी म्हणून गेलो, घरचं टोक हिने केलंय, तिथंच चुकलं असणार.

जॅक पारदर्शक असतो, आतले रंग दिसतात. दोन्ही खोल्यांत जाऊन तिने दोन्ही टोकं पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं आणि मॅनेजरला म्हणाली, "माझ्याच हातून चुकलं साहेब. नजर राहिली न्हाई आता."

मला हायसं वाटलं, मिना. तेव्हा खरंच हायसं वाटलं. रागाचं सोंग आणून मी दोन्ही टोकं छाटून फेकली. काम नांदेडच्या माणसाकडे गेलं.

त्यानंतर याडीने सुई हातात धरली नाही. तू करून दिलेला चष्मा डब्यातच राहिला. याडीची नजर गेली, असं आपण तांडाभर सांगत राहिलो. पण तांदळातले बारीक खडे ती शेवटपर्यंत वेचत होती, ते काही आपल्याला दिसलं नाही.

गाठोड्यात ती चिंधी निघाली आणि तिच्यात गुंडाळलेली ती दोन टोकं. तीन वर्षं तिने जपली होती. सकाळपासून मी ती उन्हात धरून बघतोय आणि मला काही कळत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवायची हिंमत नाही. तिन्ही वस्तू याच पाकिटात घातल्या आहेत. टाक्यांशी लावून बघ. गाठीचं टोक बरोबर निघालं तर तसं स्पष्ट लिही. माझ्यावर दया करू नकोस, याडीने केली तेवढी पुष्कळ झाली.

तुझाच,
रणजीत