अकरा तारखेची काच

बोरीचा पाडा, किन्हवलीजवळ
बुधवार, २३ जुलै २०२५

राहीताई,

सोनालीचा नमस्कार. घरी सगळे बरे आहेत, इकडची काळजी करू नको. हे पत्र बघून हसशील, फोन असताना ही काय लिहीत बसली म्हणशील. पण तुमचा फोन गोमादादांच्या खिशात, आणि बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नाहीत म्हणून ते खाली फाटकाशी बसलेले. त्यांच्याजवळ निरोप द्यावा तर अर्धा त्यांच्या रडण्यातच जातो. म्हणून ह्यांच्या हाती डब्याबरोबर चिठ्ठी देते. अक्षर मोठं काढलंय. ओट्यावर बसवून तुला बाराखडी मीच गिरवायला लावली होती, तेव्हा वाचायचा कंटाळा करायचा नाही. आणि तूच वाच, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नको.

तुमच्या खालच्या खाचराची लावणी काल आटपली. आम्ही सहा जणी होतो. जनाबाईने एवढ्या वयात आमच्या पुढे जाऊन रोप लावलं आणि वर आम्हालाच शिव्या घातल्या. तुझी काळी शेळी व्याली, दोन पाटी झाल्या. बरी आहेत पिल्लं.

तुझी दिपाली कशी आहे? तीन दिवस झाले, पोर डोळे उघडत नाही असं हे सांगतात. मलेरिया मेंदूत गेला असं डॉक्टर म्हणतात. पोटातलं हलतं का गो? सासरहून पहिल्या बाळंतपणाला आली काय आणि झालं काय. मला तर घास गिळवत नाही.

तुला राग येईल, पण लिहिते. घरात गरोदर बाई आणि मी पाड्याची आशा सेविका, म्हणून जूनमध्ये आरोग्य केंद्रातून औषधवाली मच्छरदाणी आणून दिली होती. ती गोमादादांनी ओढ्यावर मासे धरायला नेली. मी तेव्हाच बोलले होते, तुम्ही सगळे हसलात. आपल्या दाराशी खाचरं, मागे ओढा, डास काय विचारून चावतो? जाऊ दे. आता बोलून काय उपयोग.

आपण तरी काय करणार होतो? अकरा तारखेला दिपालीच्या रक्ताचा थेंब घेतलेली काच केंद्रात तपासायला गेली, चौदाला निगेटिव्ह आली. कागद तुझ्यापाशी आहेच. सर्दीचा ताप असेल म्हणून मी गोळ्या दिल्या. केंद्रातल्या डॉक्टरांनीही तो कागद बघूनच परत पाठवलं.

ती शुद्धीवर आली की पहिलं काय बोलते ते मला लगेच कळव. काहीही बोलली तरी. तापात माणूस भलतंसलतं बोलतं, ते मनावर घ्यायचं नसतं.

तुझी जाऊ,
सोनाली

---

बोरीचा पाडा
शनिवार, २६ जुलै

राहीताई,

तुझं उत्तर नाही. मी तरी कशाची वाट बघते? तू तिच्या उशाशी बसशील की कागद-पेन शोधशील? ह्यांना विचारलं तर हे एवढंच म्हणतात, "तशीच हाय." बायकोला जरा नीट सांगावं, ते नाही.

इकडे मोठी धावपळ झाली. परवा केंद्राची गाडी आली. घरोघर धूर मारला, भिंतींवर औषध मारलं. ओढ्याकाठच्या डबक्यात अळ्या सापडल्या, त्यात तेल टाकलं. तुझ्या घराची किल्ली माझ्याकडे होती, मीच उघडून दिलं. दिपालीच्या अंथरुणाशी तिची बाळासाठी शिवायला घेतलेली दुपटी तशीच पडली होती. मी घडी करून ठेवली.

मी सात घरी पुन्हा रक्त घेतलं. वरून सांगितलंय म्हणून घेतलं. ठकी अंगावर आली, "परत म्हंजे? पयला कदी घेतलास गो?" तिला काही आठवत नाही. बुधूआजाचं पॉझिटिव्ह निघालं. म्हातारा आठवडाभर कुडकुडत होता आणि वाऱ्याने धरलंय म्हणून चुलीशी बसून होता. गोळ्या सुरू केल्यात. रोज सकाळी मी स्वतः त्याच्या समोर उभी राहून गिळायला लावते. परवापेक्षा बरा आहे, काल माझ्याशी भांडला.

दिपालीचे सासरे वैशाखऱ्याहून आले होते. ओट्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "रक्त तपासलं हुतं ना? मग पोरीची ही गत कशी?" एवढंच दोनदा विचारलं. मी कागद दाखवला. कागदावर सगळं बरोबर आहे.

आणि एक झालंय. केंद्रातला सूरज, रक्त तपासतो तो मुरबाडचा, त्याला नोटीस आली. काच नीट बघितली नाही, जंतू असून निगेटिव्ह लिहिलं, असं त्याच्यावर आलंय. शुक्रवारी एक तारखेला अकरा वाजता चौकशी आहे. कंत्राटी माणूस, एका सहीने घरी जाईल. काच परत तपासावी तर निगेटिव्ह काचा धुऊन पुन्हा वापरायला घेतात, ती केव्हाच धुतली गेली.

काल मला स्टँडवर भेटला. म्हणाला, "ताई, मी दुर्बिणीखाली शंभर जागा बघितल्या ओ. त्या काचेवर काय नव्हतं." मग म्हणाला, "काच दिपालीचीच होती ना?"

मी म्हटलं, "हो तर."

तेव्हापासून मला काही सुचत नाही. धाकट्याला उगीच मारलं, त्याने फक्त पाणी सांडलं होतं. गुडघ्यावर डास बसला तरी मी नुसती बघत राहते. ताई, ती उठावी म्हणून मी मारुतीला नारळ बोलले आहे. खरंच उठावी. देवाशप्पथ उठावी.

ती काही बोलली का?

सोनाली

---

बोरीचा पाडा
बुधवार, ३० जुलै

राहीताई,

हे काल संध्याकाळी आले आणि चपला न काढताच म्हणाले, "दिपाली उठली. बोलली. पोरगी झाली तिला, सव्वा किलोची, काचेच्या पेटीत ठेवलीय."  मी पिठाचे हात तसेच तोंडाला लावून रडले. ती पोर तरेल का गो? डॉक्टर काय म्हणतात? हे म्हणतात, सात दिवस काही सांगता येणार नाही.

मग ह्यांनी पुढचं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी दिपालीला विचारलं म्हणे, गावात रक्त घेतलं होतं का. ती म्हणाली, "हो. काकीनं टोचलं हुतं, ह्या बोटाला." आणि बोट दाखवलं.

ताई, खरं सांगते, ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं. काच धुतलेली, कागद बरोबर, आणि आता पोरीच्या तोंडचा शब्द. दहा दिवसांनी मी पोटभर जेवले. आणि हात धुताना बोटांकडे लक्ष गेलं.

दिपालीचं बोट मी टोचलं नव्हतं.

आता सगळं लिहिते. जूनच्या सभेत ज्यांच्या काचा कमी त्यांची नावं वाचून दाखवली, पहिलं माझं. पटकन तपासायची किटंही संपलेली. अकरा तारखेला मी पाडाभर हिंडले. लावणीत कोण बोट देतो? टोचलेलं बोट चिखलात पिकतं, मग चार दिवस रोपाची मूठ धरवत नाही. प्रत्येक बांधावर तेच, "आज नाय गो, लावणी सरू दे." आमचंही अर्धं रान पडलेलं. मी तुझ्या ओट्यावर बसले, माझंच बोट टोचलं, आणि सात काचा केल्या. ठकी, बुधूआजा, सगळ्यांची नावं घातली. बुधूआजा तेव्हाही कुडकुडतच होता, मी दारावरून गेले होते.

तू शेतावर होतीस. आत दिपाली गोधडी घेऊन पडली होती. मी हाक मारली तर म्हणाली, "काकी, उद्या टोच गो, आज अंग लय ठणकतंय." मी आत गेले असते तर तिचा हात हातात घेऊन दोन मिनिटांत काम झालं असतं. तापाचं माणूस, तिचं रक्त तर खरंच हवं होतं. पण माझं बोट अजून वाहत होतं. आठवी काच हातात होती. मी तिचं नाव घातलं आणि उद्या खरी घेऊ म्हटलं. उद्या मी लावणीला गेले. परवाही गेले. चौदाला निगेटिव्ह आली आणि माझं मलाच खरं वाटायला लागलं, की तिला काही नाही.

ते माझं रक्त होतं, ताई. मला मलेरिया नव्हता.

ती खोटं का बोलली ते मला कळतं. आपणच नको म्हटलं म्हणून हे झालं असं तिला वाटत असेल, किंवा काकीची नोकरी जाईल असं. तिला माझ्या नावाने सांग, तुझी काही चूक नाही. तापात पडलेल्या पोरीचं "उद्या" ऐकायचं नसतं, ते मला शिकवलेलं होतं.

आणि मच्छरदाणीचं मी लिहिलं ते माझ्या अंगावरचं झटकायला लिहिलं. तो कागद फाड. ती चिठ्ठी आल्यापासून गोमादादा जेवत नाहीत असं हे म्हणतात. म्हणजे तू त्यांना सांगितलंस, आणि तो माणूस फाटकाशी बसून स्वतःला खातोय. डास कुठेही चावला असता. नऊ दिवस मी घालवले.

शुक्रवारी सूरजच्या आधी मी आत जाणार आणि सगळं सांगणार. काम जाईल, पोलीस येतील, काय व्हायचं ते होईल. ठकी तर पाडाभर ओरडत फिरेल, फिरू दे. ह्यांनाही अजून सांगितलेलं नाही. पाकीट चिकटवून देणार आहे. आधी तुला कळायला हवं होतं, साहेबांच्या तोंडून नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंना कळू नये म्हणून तू माझ्या वाटणीच्या थापायचीस. हे मात्र तू झाकू नको. आणि तुला मला परत घरात घ्यायचं नसेल, तर मी तक्रार करणार नाही. फक्त ती पेटीतली पोर कशी आहे एवढं ह्यांच्याजवळ सांगत जा.

खाली काय लिहावं ते कळत नाही. तुझी जाऊ असं लिहायचा धीर होत नाही. आठ काचांवर मी दुसऱ्यांची नावं घातली. ह्या कागदावर माझं घालते.

सोनाली