चिरेखाणीतला भुगा

रत्नागिरी,
६ ऑक्टोबर

प्रिय केरूदादा,

नमस्कार. फोन केला की तुझी सून सानवी उचलते आणि म्हणते, बाबा झोपलेत. दुपारी चारलाही तू झोपलेला असतोस. म्हणून लिहिते आहे.

इकडे तुझं हळवं भात कापणीला आलंय. विनोदला सांगून ठेवलंय, पण त्यालाही त्याचं शेत आहे. गाय शेजारच्या मैनाकाकूकडेच आहे, बरी आहे. माझी पाठ परत धरली आहे. कॉलेजात पेपर तपासणी सुरू आहे. बसून बसून कंटाळा येतो, आणि उठलं तरी जात नाही.

गेल्या रविवारी वाडीत गेले होते. कापड रंगवायची शेड बंदच आहे. बचत गटातल्या बायका म्हणाल्या, मॅडम, पुन्हा कधी चालू होणार?

दादा, कॅनिंगवाल्यांनी टाकलेल्या आंब्याच्या कोयी आपण डब्यात जाळून कोळसा केला, कुटून पिंपात भरला, आणि वरून ओतलेलं शेडमधलं रंगाचं जांभळं पाणी खालून जवळजवळ नितळ बाहेर आलं, तेव्हा तू ओंजळीत धरून बघितलं होतंस. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं. पेपरात फोटो आला. चिपळूणच्या परिषदेत मी निबंध वाचला.

त्याच सकाळी तुझा फोन आला होता. "हा वापरलेला भुगा हाय, त्याचा काय करू गो?" मी एसटी पकडायच्या घाईत होते. म्हटलं, "टाक कुठेही, खतच आहे ते."

खत नव्हतं. मला माहीत होतं. प्रयोगशाळेत तो भुगा तिसऱ्यांदा धुतला तेव्हा रंग परत सुटला होता. कोळसा रंग खात नाही, नुसता धरून ठेवतो. ती नोंद मी निबंधात घातली नाही. घातली असती तर कौतुक झालं नसतं.

तू भुगा जुन्या चिरेखाणीत टाकलास. पावसाळाभर तिथे पाणी साचलं, जांभ्या दगडातून झिरपलं आणि मैनाकाकूच्या विहिरीला गुलाबी झाक आली. सप्टेंबरच्या बैठकीत विचारणा झाली, तेव्हा मी सरपंचांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. तू उठून म्हणालास, "मी टाकलंय. माझ्या मनानंच टाकलंय." माझ्याकडे बघितलंही नाहीस. मीही खाली बघत राहिले. आठवड्याभरात तू मुलाकडे, ऋत्विककडे विरारला निघून गेलास.

त्याच रविवारी मैनाकाकूला सगळं सांगितलं. ती लांबून पाणी आणून नुकती टेकली होती. पदराने मान पुसली. मग म्हणाली, "ह्या मला एकटीला सांगून काय उपयोग? तो सगळ्यांच्या देखत उभा ऱ्हायला व्हता."

ती रविवारची गोष्ट. बुधवारी, दोन तारखेला, ग्रामसभा होती. मी उठून सांगितलं. टाकायला मी सांगितलं, आणि रंग सुटतो हे मला ठाऊक होतं, तेही. कोणी ओरडलं नाही. हर्षद सरपंच म्हणाला, "मॅडम, झालं ते झालं, विषय वाढवू नका." मैनाकाकू मागून म्हणाली, "वाढवू नका कसा? केरूवर आळ व्हता, तो उतरल्याचा लिवा." ग्रामसेवकाने लिहिलं. मी वाचून घेतलं.

परिषदवाल्यांनाही राहिलेली नोंद पाठवली आहे. उत्तर नाही. विनोद आणि मी खाण उपसून भुगा झाकणाच्या पिंपात भरला, पण ती पिंपं घ्यायला कोणी तयार नाही. शेडमध्ये उभी आहेत. विहीर दोनदा उपसली. पांढरं फडकं बुडवलं तर अजून किंचित रंग लागतो.

भात कापायला ये असं म्हणायचा हक्क मला नाही. मैनाकाकूने मात्र सांगायला सांगितलंय की तुझ्या अंगणात ती रोज झाडू मारते.

आई गेल्यावर तू मला शिकवलंस, ते मी असं गप्प बसावं म्हणून नव्हे. एवढं कळायला मला महिना लागला.

जिला तू पाठीशी घालायला नको होतंस,
ती तुझी धाकटी,
दर्शना