सातव्या ओळीचं बारसं

सर, काल तुमची भिंत भरली. चोपड्याच्या आपल्या शाळेत, प्रयोगशाळेत, तुम्ही स्वतः रंगवलेला मूलद्रव्यांचा तक्ता. त्याच्या शेवटच्या, सातव्या ओळीत तुम्ही मोकळ्या चौकटी आखून ठेवल्या होत्या. तपासणीला आलेले साहेब हसले होते, "काय मास्तर, रंग संपला?" तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "नाही साहेब, पाहुणे यायचेत." वर्गही हसला. मी कवितावेडा, रुबिडियम-स्ट्रॉन्शियम अशी मूलद्रव्यांची नावं चालीवर म्हणत बसणारा. मला ती ओळ कुणीतरी अर्ध्यावर सोडलेल्या कवितेसारखी वाटायची.

पाहुणे आले, सर! खाणीतून नाही, माणसांनी यंत्रात एका अणूवर दुसरा आदळून घडवले. काही तर पापणी लवायच्या आत विरतात, तरी नावाचे हक्कदार. आपण बारशापर्यंत बाळाला नुसतं बाळ्या म्हणतो, तसं यांनाही आधी क्रमांकावरून तात्पुरतं नाव असतं. मग शोधणारे नाव सुचवतात, जगभरातल्या हरकती ऐकल्या जातात, आणि ते कायम होतं. एकाला जपानवरून निहोनियम नाव मिळालं, एकाला चक्क हयात शास्त्रज्ञाचं.

परवा शाळेत डोकावलो तर रंगारी भिंत खरवडायच्या तयारीत उभा. "आबा, जुनं शे, बठ्ठं पुसी टाकू ना?" सगळंच पुसणार म्हणताच मी काठी आडवी धरली. आवाज ऐकून विज्ञानाच्या बाई धावत आल्या. म्हटलं, पुसायचं तर पुसा, पण आधी ही ओळ भरू द्या. बाईंनी मोकळ्या चौकटी मोजल्या. म्हणाल्या, "पुसायचं कशाला आबा? बारसं करू."

आणि केलं! मुली एकेक नाव रंगवताहेत, बाई आत्या होऊन चौकटीपाशी वाकून 'कुर्र' करताहेत, नाकाला ओला रंग लागलाय, आणि पाठीत धपाटे पडताहेत. "अगं हळू! अजून बरीच बाळं राहिलीत!" घुगऱ्या वाटल्या. रंगाऱ्यानंही मूठभर घेतल्या आणि तक्ता सोडून बाकीची भिंत रंगवली. शेवटची चौकट भरली तेव्हा मी ती अख्खी ओळ खड्या आवाजात, चालीवर म्हटली. तुमच्या वर्गात टाळ्या पडल्या, सर.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. कारण एक सांगतो. आठवी ओळ अजून सुरू व्हायचीय, आणि तिच्या पहिल्या पाहुण्यासाठी मी तुमचं नाव मनात धरून ठेवलंय. मला कोण विचारणार म्हणा! तरी इथं ते लिहीत नाही. बारशाआधी नाव फोडायचं नसतं.