मोती पिकायची वाट

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज मला तुमचा राग आलाय. बोलतेय मी, लिहितेय माझी नात. मला अक्षर येत नाही, तुम्हीच शाळेत घातलं नाहीत. पण आजचा राग त्याचा नाही.

गेल्या महिन्यात इथं मोशीत, आमच्या सोसायटीत डोळे तपासायचं शिबिर होतं. तिथल्या पोरीनं भिंतीवर त्रिशुळासारखी चिन्हं दाखवून टोकं कुठल्या बाजूला ते विचारलं. मी फाडफाड सांगितलं. नातीला म्हटलं, "बघ, न शिकता पास झाले." मग डॉक्टरीणबाईंनी यंत्रानं डोळ्यातला दाब मोजला, आतली शीर पाहिली.

"आजी, घरात कुणाला काचबिंदू होता?"

"न्हाई बाई, आबांना मोतीबिंदू व्हता. पिकला की काढणार व्हतो. ते आंधळे झाले, तरी पिकला न्हाई."

बाईंनी माझा डावा डोळा पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाल्या, तो बहुतेक काचबिंदूच असणार. तो पिकत नाही, दुखत नाही. दाबानं शीर मरत जाते, नजर कडेकडेनं जाते आणि गेलेली परत येत नाही. उरलेली तेवढी रोज थेंब टाकून राखायची. माझाही डावा डोळा कडेनं गेलाय.

आता आठवतंय. तुम्ही जेवायला बसता, ताटातली मिरची नेमकी उचलता आणि शेजारचा तांब्या रोज लवंडता. आम्ही हसतो. शेजारचे तात्या तुमच्यापुढं बोटं नाचवून निकाल देतात, "दिसतंय राव अजून, कच्चा हाय." डोळा होता का आढीत घातलेला आंबा? आणि तुम्ही! बैलाच्या डोळ्याला पाणी आलं, तर गाडी जुंपून चाकणला गुरांच्या डॉक्टरकडे गेलात. स्वतःच्या डोळ्याला मात्र तात्या!

तुमचा नातू तुमच्यावरच गेलाय. पन्नाशीला आला, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. म्हणे, "आई, मला लांबचं चकाचक दिसतंय, शिफ्ट कोण बुडवणार?" म्हटलं, "तुझ्या आज्यालाबी मिरची दिसत व्हती." काल धरून बाईंच्या दवाखान्यात नेला. अजून काही नाही, पण रक्तातलं दुखणं, दरवर्षी तपासायचं. बाईंसमोरच त्याला झापला, "डोळ्याची हयगय केलीस तर बघ!"

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून तुम्हाला एकट्याला सांगते. रविवारपासून मी थेंब टाकलेले नाहीत. झोंबतात मेले. ह्या नातीला रोज "टाकले" म्हणते.

थांबलीस का गं? डोळे काय वटारतेस, लिही.